साबणवाल्यांचा डिंक

ग्लू स्टिक पहिल्यांदा बाजारात आली ती १९६९ साली, पश्चिम जर्मनीत. ड्युसेलडॉर्फच्या हेन्केल कंपनीने ती 'प्रिट' या नावाने विकायला काढली. कंपनीचे संशोधक वोल्फगांग डिरिख्स यांना विमानात एका बाईंना लिपस्टिक लावताना पाहून ही कल्पना सुचली, असं कंपनी सांगते. अशा गोष्टी कंपन्यांना फार प्रिय असतात, तेव्हा ही जरा बेतानेच घ्यावी. बूड फिरवलं की वर येणाऱ्या लिपस्टिकच्या नळीचं पेटंट मात्र अमेरिकेत १९२३ सालीच झालं होतं. म्हणजे नळी तयार होती. अडचण आत काय भरायचं याची होती.

पातळ डिंक नळीत उभा राहत नाही आणि वाळलेला डिंक कागदाला लागत नाही. इथे हेन्केलचा मूळ धंदा कामाला आला. ही कंपनी कपडे धुण्याच्या पावडरींची. १९०७ साली 'पर्सिल' तिनेच काढली. गोंदाकडे ती वळली तीही गरजेपोटी. पहिल्या महायुद्धानंतरच्या टंचाईत पावडरीची खोकी चिकटवायला गोंद मिळेना, म्हणून ती तो घरीच बनवू लागली.

ग्लू स्टिकला उभं ठेवतो तो साबण. सोडियम स्टिअरेट, म्हणजे अंघोळीच्या वडीतलाच एक घटक, गरम पाण्यात विरघळतो आणि निवताना त्याच्या बारीक तंतूंची जाळी तयार होते. तिच्यात पाणी आणि चिकट पॉलिमर अडकून राहतात. कागदावर घासलं की जाळी मोडते, पातळसा थर उतरतो, पाणी कागदात मुरतं आणि चिकटपणा मागे उरतो. पाणी बेताचंच असल्याने कागदाला सुरकुत्या पडत नाहीत. टोपण उघडं राहिलं तर मात्र तेच पाणी उडून जातं आणि कांडी आक्रसून खडूसारखी होते.

आपल्याकडे त्याआधी बाभळीचा डिंक, मैद्याची खळ आणि पतंगाला भाताची शितं यांवर भागत असे. खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. ऑफिसातल्या डिंकाच्या बाटलीला रबरी टोपण असे. त्याची चीर वाळून मिटली की टाचणीने उघडायची आणि मग जरा दाबलं की अर्ध्या अर्जावर डिंक! पिडिलाइटची फेव्हिस्टिक आल्यावर हा व्याप बराच सुटला. आता दुकानात कुठल्याही कंपनीची कांडी हवी असली तरी लोक फेव्हिस्टिकच मागतात.

अर्जावरचा फोटो, वहीतलं कात्रण, पाकिटाची न चिकटणारी कड, मुलांचे प्रकल्प, एवढं ती नीट सांभाळते. कपड्याला लागली तरी पाण्याने निघते. पण आकाशकंदिलाच्या कामट्यांना पतंगाचा कागद लावायला ती कुचकामी. कामटी गोल आणि गुळगुळीत, त्यावर थर बसतच नाही. तिथे अजूनही खळ करावी, नाहीतर सरळ फेव्हिकोल आणावा.