१२८ बाइट आणि धावता झोत

आजचा साधा संगणकही अटारी २६०० या खेळयंत्रापेक्षा हजारो पटींनी वेगवान आहे, तेव्हा त्यावरचे खेळ संगणकावर चालवणे म्हणजे डाव्या हातचा मळ, असा समज सर्रास आढळतो. अडचण मात्र वेगाची नाही, वेळ साधण्याची आहे.

१९७७ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या या यंत्राची रॅम अवघी १२८ बाइट होती. पडद्यावरील १६० गुणिले १९२ ठिपक्यांना प्रत्येकी एकच बिट दिला, तरी ३,८४० बाइट लागतात. म्हणून जे मायनर, जो डेक्युअर आदी अभियंत्यांनी चित्र साठवायचेच नाही असे ठरवले. टीव्हीच्या नळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ रेखाटत असतो, तेवढ्यात प्रोसेसरने त्या ओळीतील चित्राचा तपशील ‘टीआयए’ या चित्र उमटवणाऱ्या चिपला पुरवायचा. एका ओळीसाठी प्रोसेसरला त्याच्या घड्याळाचे फक्त ७६ ठोके मिळतात आणि एका ठोक्यात झोत तीन ठिपके पुढे सरकतो. त्यातही मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. खेळाडूचे चित्र आडवे कुठे उमटावे, याचा आकडा या चिपला देताच येत नाही. योग्य क्षणी केवळ इशारा द्यायचा, आणि तेव्हा झोत जिथे पोहोचला असेल त्याच्या लगत चित्र बसते. जागा ठरते ती वेळेवरून. सूक्ष्म सरकवासरकवीसाठी वेगळी सोय आहे, पण तीही ठोके मोजूनच वापरावी लागते.

साहजिकच ‘स्टेला’ या मुक्त एम्युलेटरला, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणक-प्रणालीला, प्रोसेसर आणि टीआयए यांना ठोक्याठोक्याला जुळवत चालवावे लागते. एका ठोक्याची चूक झाली, तर चित्र तीन ठिपके ढळते. ‘दहा हजार खेळ, हुबेहूब मूळ अनुभव’ अशा जाहिरातींनी विकले जाणारे, जुने खेळ भरलेले तयार डबे या जुळणीविषयी चकार शब्द काढत नाहीत. त्यांच्या आकड्याला भुलू नये.

प्रत्यक्ष मांडणी सोपी आहे. या यंत्राला बायोस, म्हणजे यंत्रातच कायम बसवलेली सुरुवातीची प्रणाली, नसल्यामुळे वेगळी फाइल शोधावी लागत नाही. स्टेला बसवून आपल्या कार्ट्रिजची, म्हणजे यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीची, संगणकीय प्रत किंवा लेखकाने विनामूल्य दिलेला नवा खेळ उघडावा. एफ१ ही सिलेक्टची आणि एफ२ ही रीसेटची कळ आहे. रंग विचित्र दिसले, तर टीव्हीची पद्धत तपासावी: अमेरिकी एनटीएससीत चौकटीला, म्हणजे पडद्यावरील एका पूर्ण चित्राला, २६२ ओळी आणि सेकंदाला सुमारे ६० चौकटी असतात, तर युरोपात आणि भारतातही रूढ झालेल्या पाल पद्धतीसाठीचे खेळ साधारण ३१२ ओळी आणि ५० चौकटी धरून लिहिलेले असतात.

चित्रे लुकलुकत असतील, तर तो एम्युलेटरचा दोष मानू नये. १९८२ च्या पॅक-मॅनमध्ये चार भुतांपैकी एका चौकटीत एकच रेखाटले जाते. जुन्या नळीवरील फॉस्फर, म्हणजे झोत पडताच चमकणारा लेप, क्षणभर उजळत राहत असल्याने ती लुकलुक बरीच सौम्य भासे. आजच्या पडद्यावर तो परिणाम हवा असेल, तर स्टेलामधील ‘फॉस्फर’ हा पर्याय चालू करावा.