फ्रॉस्टच्या आधीची शेवटची फुलं

थंड प्रदेशांत शरद ऋतू संपत येतो तेव्हा, पहिला फ्रॉस्ट पडून पानांवर बर्फाचा पांढरा थर धरायच्या आधी, बागेत जी फुलं टिकून असतात त्यांचा हा शेवटचा बहर. उत्तर गोलार्धात बऱ्याच ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबर, दक्षिण गोलार्धात एप्रिल-मे.

उरलीसुरली फुलं म्हणून याकडे बघणं चूकच आहे, कारण शेवंती तर रात्र मोठी झाल्याशिवाय कळ्याच नीट धरत नाही, म्हणजे तिचा सीझन आत्ता कुठे सुरू होतो! त्यात गारव्याने फुलं लवकर कोमेजत नाहीत, रंगही गडद होतात, पांढऱ्या शेवंतीवर कधीकधी गुलाबी झाक येते. ॲस्टरवर मधमाश्यांची गर्दी असते, त्यांना आता दुसरीकडे फारसं काही मिळत नाही.

फ्रॉस्ट पडतो तो आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री. जमिनीतली उष्णता सरळ वर निघून जाते, त्यामुळे हवेचं तापमान २-३ अंश सेल्सियस दाखवत असलं तरी खाली पानं शून्याखाली गेलेली असू शकतात आणि गार हवा जड असल्याने सखल कोपरा आधी मार खातो. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ होतो, तो पेशींतलं पाणी ओढून घेतो, मग ऊन पडलं की डेलिया काळा पडून उकडलेल्या पालेभाजीसारखा लोंबतो. झिनिया, कॉसमॉस, झेंडू, नॅस्टर्शियम सगळे असेच नाजूक. पॅन्सी, ॲस्टर, शेवंती हलका फ्रॉस्ट सोसतात.

संध्याकाळी जुनी चादर झाडावरून पार जमिनीपर्यंत सोडली तर मातीची ऊब आत राहते, सकाळी ती काढायची. प्लॅस्टिक पानांना टेकलं तर तिथे उलट नुकसानच. हा खटाटोप करावाच, कारण एका थंड रात्रीनंतर बऱ्याचदा परत आठ-पंधरा दिवस छान ऊबदार जातात.

कडाक्याची थंडी येणार असेल तर मात्र आशा धरून बसू नये, नाजूक फुलं सगळी कापून घ्यावीत. डेलिया पूर्ण उमललेलाच घ्यायचा, कळी फुलदाणीत सहसा उमलत नाही. झिनियाचा देठ खालून धरून हलवायचा, ताठ राहिला तर तयार, लचकला तर अजून कोवळा. डेलियाचे कंद पाला काळा पडल्यावर काढले तरी चालतात, फक्त जमीन गोठायच्या आत.