रक्तसाक्षी होणं वेगळं आणि मरण ओढवून घेणं वेगळं

येशूबद्दल सांगताना कोणाचा जीव गेला की आपण लगेच त्याला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणारा, म्हणून मोकळे होतो. सुरुवातीच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, असं सरसकट केलं नव्हतं आणि ते समजून घ्यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

साधारण इ.स. 155 च्या सुमाराचं स्मुर्णा घ्या, आजच्या तुर्कस्तानातलं रोमी अंमलाखालचं शहर. तिथल्या मंडळीच्या एकाच पत्रात दोन माणसं भेटतात. एक क्विंटस, फ्रुगिया प्रांतातून नुकताच आलेला. ख्रिस्ती लोकांची धरपकड चालू असताना हा स्वतःहून पुढे झाला, वर आणखी काही जणांना भरीस पाडलं, आणि जंगली जनावरं समोर दिसली तेव्हा त्याची गाळण उडाली, शेवटी रोमी अधिकाऱ्याने मन वळवलं आणि त्याने शपथ घेऊन दैवतांना अर्पणही केलं. पत्रात तिथेच स्पष्ट लिहिलंय की स्वतःला असं हवाली करणाऱ्यांची आम्ही वाहवा करत नाही, सुवार्ता, म्हणजे येशूचं शुभवर्तमान, हे शिकवत नाही.

दुसरा पॉलिकार्प, तिथला म्हातारा बिशप. लोकांनी आग्रह केला म्हणून तो शहराबाहेर शेतावर जाऊन राहिला, मग तिथूनही दुसरीकडे. याला कोणी भित्रेपणा म्हणू नये, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळा हे मत्तयच्या 10 व्या अध्यायात खुद्द येशूच सांगतो, आणि प्रेषित पौलही दिमिष्कातून (दमास्कसमधून) टोपलीत बसून भिंतीवरून खाली उतरला होताच की. पण शिपाई दारात आले तेव्हा निसटता येत असूनही पॉलिकार्प गेला नाही. माडीवरून खाली आला, त्यांच्याशी बोलला, त्यांना खायला-प्यायला द्यायला लावलं आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. तासाचे दोन तास झाले, आणि ऐकता ऐकता पकडायला आलेल्यांतल्याच कितीकांना आपण का आलो असं झालं.

ख्रिस्ताची निंदा कर, सोडतो, असं अधिकारी म्हणाला तेव्हाचं पॉलिकार्पचं उत्तर बहुतेकांना माहीत असतं: 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू? मला त्याच्या पुढचं जास्त भिडतं. ख्रिस्ती शिकवण जाणून घ्यायची असेल तर एक दिवस ठरव आणि ऐक, असं तो त्याच अधिकाऱ्याला म्हणतो! जिवंत जाळायचा हुकूम ज्याच्या हातात आहे त्यालाही तो सुवार्ता ऐकणारा माणूस म्हणूनच बघतोय. बायबलमधला पहिला रक्तसाक्षी स्तेफनही दगड खाताना मारणाऱ्यांसाठीच क्षमा मागतो. क्विंटसच्या गोष्टीत समोरच्या माणसासाठी असं काहीच दिसत नाही.

पुढे चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये एल्विराच्या धर्मसभेने, म्हणजे बिशपांच्या बैठकीने, तर नियमच केला की मूर्ती फोडताना कोणी मारला गेला तर त्याला रक्तसाक्षींत धरायचं नाही, कारण असं शुभवर्तमानात नाही आणि प्रेषितांनीही कधी केलं नाही.

सगळी उदाहरणं इतकी सरळ नसतात हेही खरं. 2018 मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण सुवार्ता सांगायला अंदमानातल्या, कायद्याने बंदी असलेल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर गेला आणि तिथल्या, बाहेरच्या जगापासून दूर राहणाऱ्या आदिवासींकडून मारला गेला. मला मारलं तर त्यांच्यावर रागावू नका असं त्याने घरच्यांना लिहून ठेवलं होतं, त्यामुळे त्याच्या प्रेमावर मी शंका घेणार नाही. पण आपल्या साध्या आजारांनीही त्या लोकांचा जीव जाऊ शकतो, म्हणजे पणाला एकट्या त्याचा जीव नव्हता, आणि तो धोका त्यांच्या वतीने पत्करायचा हक्क त्याला होता असं मला तरी म्हणता येत नाही.