बीड जुने, कंट्रोल नवा : मिलिंग मशीनच्या रेट्रोफिटमागचा इतिहास

पुण्याजवळच्या भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात जुन्या मिलिंग मशीनला, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या यंत्राला, सीएनसी (संगणकावर चालणारा) कंट्रोल बसवून घेणे, म्हणजेच रेट्रोफिट, ही आता नवलाई राहिलेली नाही. तरीही रेट्रोफिट म्हटले की बरेच कारखानदार त्याला गरिबीतली तडजोड समजतात. मला हे पटत नाही, कारण आकड्यांवर चालणारे जगातले पहिले मिलिंग मशीनच मुळात रेट्रोफिट होते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स यांचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती बनवू लागला. पात्याच्या वक्र आकाराची टेम्प्लेट अचूक कापणे ही खरी डोकेदुखी होती. ड्रॉइंगवर मोजके बिंदू दिलेले असत आणि मधली वक्ररेषा कारागिराच्या नजरेवर सोडलेली असे. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी पंच कार्डावर चालणाऱ्या गणनयंत्रावर असे दोनशे बिंदू काढले. मग एक जण कोष्टकातले आकडे मोठ्याने वाचणार, दुसरा टेबल एका दिशेला सरकवणारे एक्स अक्षाचे हँडल फिरवणार, तिसरा काटकोनातल्या वाय अक्षाचे. बिंदूंमध्ये राहिलेले कंगोरे शेवटी कानशीने घासायचे. पद्धत वेळखाऊ होती, पण आकार थेट आकड्यांवरून निघत होता. हँडल फिरवणाऱ्या दोघांच्या जागी मोटर का नको, हा प्रश्न इथूनच पुढे आला.

१९४९ साली अमेरिकी हवाई दलाने या कामासाठी पैसे दिले आणि हे काम अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत पोहोचले. तिथे सिनसिनाटी कंपनीचे वापरलेले हायड्रो-टेल मिलिंग मशीन घेतले, त्यावरची नमुना गिरवणारी ट्रेसर यंत्रणा काढून टाकली आणि टेबल व हेड सरकवायला सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या जागी नेमक्या थांबणाऱ्या मोटर, जोडल्या. सप्टेंबर १९५२ मध्ये ते चालवून दाखवले तेव्हा आज्ञा कागदी पंच टेपवरून येत होत्या. शेकडो व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले असलेला कंट्रोल मशीनपेक्षाही जास्त जागा व्यापत होता.

पुण्यात तेव्हा या सगळ्याची गरजच नव्हती. १९४६ साली खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली होती. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकात भारत फोर्ज, बजाज ऑटो, टेल्को (आजची टाटा मोटर्स) असे मोठे कारखाने इथे उभे राहिले. त्यांना डाय, जिग, फिक्स्चर (भाग घडवायचे साचे आणि पकडी) पुरवणारी छोटी वर्कशॉप आसपास वाढत गेली. या वर्कशॉपना परवडणारी मशीन देण्यात एचएमटीचा वाटा मोठा होता. १९५३ साली बंगळुरूत सुरू झालेल्या या सरकारी कंपनीच्या पिंजोर कारखान्यातली मिलिंग मशीन देशभर गेली. त्यांचे बीड (ओतीव लोखंड) जाड, काम सरळ. इतक्या वर्षांत ओतकामातले अंतर्गत ताण सुटून गेलेले असतात, म्हणून असे बेड, म्हणजे मशीनचा बिडाचा सांगाडा, आज नव्या कंट्रोलखाली निर्धास्त घेता येतात.

१९९१ नंतर आयात सोपी झाली. मोठ्या कारखान्यांनी सीएनसी घेतली आणि हाताने चालवायची मशीन लिलावात निघू लागली. पुढे सीएनसीच्या पहिल्या पिढीचीही तीच गत झाली. बेड ठणठणीत, पण कंट्रोलमधले एक कार्ड जळाले की ते कुठे मिळेना. इलेक्ट्रॉनिक्सचे आयुष्य वर्षांत मोजायचे, बिडाचे दशकांत. रेट्रोफिटचा धंदा उभा आहे तो या तफावतीवर.

कंट्रोल स्वस्त झाला तो साध्या पीसीमुळे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने १९९०च्या दशकात मशीन कंट्रोलचा एक प्रोग्रॅम खुला केला. आजचा मोफत मिळणारा लिनक्ससीएनसी त्याच्यातूनच वाढला. प्रिंटरसाठीच्या पोर्टमधून स्टेपर मोटरला (दर पल्सला ठरावीक पाऊलभर फिरणाऱ्या मोटरला) पल्स पाठवता येतात हे कळल्यावर छोट्या वर्कशॉपचीही भीड चेपली.

पण स्क्रीनवर आकडे पळू लागले म्हणजे रेट्रोफिट झाले असे नव्हे. टेबल सरकवणाऱ्या जुन्या लीड स्क्रूत आणि त्याच्या नटात प्ले, म्हणजे सैलपणा, असतोच. हाताने काम करणारा मशिनिस्ट ते मनात धरून चालतो. हँडल जास्त मागे घेऊन पुन्हा पुढे आणतो, म्हणजे माप नेहमी एकाच बाजूने येते. कंट्रोलने वर्तुळ कापायला घेतले की प्रत्येक फेरीत दोन्ही अक्षांना दिशा बदलावी लागते आणि प्ले तिथेच उघडा पडतो. बोअरच्या (गोल भोकाच्या) आत चार ठिकाणी बारीक पायरी उमटते, नखालाही लागते. सॉफ्टवेअरमध्ये या प्लेची, म्हणजे बॅकलॅशची, भरपाई टाकता येते. मात्र क्लाइंब मिलिंगमध्ये, म्हणजे कटर टेबलाच्या चालीच्याच दिशेने कापतो तेव्हा, तो टेबलालाच ओढून घेतो, तेव्हा ती कामाला येत नाही. तिथे प्रीलोड दिलेला (सैलपणा राहू नये म्हणून आधीच दाब देऊन बसवलेला) बॉल स्क्रूच हवा, ज्यात स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरतात. बॉल स्क्रू इतका मोकळा फिरतो की वीज गेली तर झेड (उभा) अक्ष स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो, म्हणून त्या मोटरला ब्रेक लागतो. कोटेशनमध्ये हा ब्रेक गाळलेला दिसला तर आधी तो मागून घ्यावा.

टेबल ज्यावर सरकते त्या स्लाइडची गोष्ट याहून अवघड. जॉब (कापायचा तुकडा) नेहमी टेबलाच्या मध्यावर लागतो, त्यामुळे डव्हटेल, म्हणजे स्लाइडची तिरकस कडांची खाच, मधोमध झिजते. गिब (खाचेतली फट भरणारी पट्टी) मध्याला बेताची आवळली तर टोकाला टेबल अडकते. टोकाला सैल ठेवली तर मध्ये डुलते. यावर मोटर मोठी घालून उपयोग नाही. स्लाइड ग्राइंड करायची किंवा हाताने स्क्रेप करायची : स्ट्रेट एजला (अचूक सरळ पट्टीला) निळा रंग लावून घासायचे, उठलेले ठिपके खरवडायचे, पुन्हा रंग लावायचा, ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत. असा फिटर आता शोधावा लागतो आणि त्याची मजुरीही वाजवी धरायला हवी. डायल (बारीक फरक दाखवणारे मापक) लावून तिन्ही स्लाइड तपासून घ्याव्यात, फिटरचा अंदाज हातात यावा आणि मगच उरलेल्या बजेटात कोणता कंट्रोल बसतो ते ठरवावे.