थंड-ओल्या हवेतील रानमुक्काम

तापमान शून्य ते दहा अंश सेल्सिअसच्या दरम्यान, वरून पाऊस किंवा वितळता बर्फ, खाली चिखल आणि जवळपास पक्के छत नाही, अशा हवेत अंग कोरडे व उबदार ठेवून रानात राहण्याचे कौशल्य. बुशक्राफ्टच्या (रानात राहण्याच्या कौशल्यांच्या) या शाखेत चार गोष्टी येतात: कपडे, निवारा, विस्तव आणि झोप. कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा ही हवा जास्त दगा देते. उणे पंधरा अंशांत कपड्यांवरचा बर्फ झटकून टाकता येतो; दोन अंशांवरचा पाऊस झटकता येत नाही, तो आत शिरतो.

एकाच तापमानाच्या हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते. त्याहून मोठा खर्च बाष्पीभवनाचा. अंगावरच्या कपड्यांतले १०० मिलिलिटर पाणी केवळ शरीराच्या उष्णतेवर वाळवायचे तर सुमारे २४० किलोज्यूल लागतात. सत्तर किलो वजनाच्या माणसाचे तापमान एक अंशाने उतरायला साधारण तेवढीच उष्णता जावी लागते. पूर्ण भिजलेल्या कपड्यांत लिटरभर पाणी सहज असते. चालताना शरीर हा खर्च भरून काढते. माणूस बसला की भरपाई थांबते आणि खर्च चालूच राहतो. म्हणून बहुतेक अडचणी वाटेवर नव्हे, तर मुक्कामाला टेकल्यावर पहिल्या अर्ध्या तासात सुरू होतात.

कपडे

सुती कापड येथे निकामी. ते पाणी धरून ठेवते, अंगाला चिकटते आणि त्यातली हवा निघून जाते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प धाग्यांच्या आत सामावून घेते, तरी हाताला फारशी ओली लागत नाही. मात्र ती सावकाश वाळते. पॉलिस्टर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड) पाणी जवळजवळ शोषत नाही, पिळून पुन्हा घालता येते, पण वारा आरपार जातो. पिसांचे जाकीट कोरडे असेपर्यंत सर्वांत उबदार. ओले झाले की पिसांचे गोळे होतात आणि ऊब संपते. या हवेत कृत्रिम भरावाचे जाकीट जड असले तरी अधिक भरवशाचे.

भिजवणारे पाणी बाहेरून जितके येते तितकेच आतूनही येते. चढावर जलरोधक जाकीट गळ्यापर्यंत बंद करून चालणारा माणूस पावसाने नव्हे, घामाने चिंब होतो, आणि मग जाकिटाला दोष देतो. निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालावेत. चढ लागण्यापूर्वी एक थर उतरवावा, थांबताक्षणी, म्हणजे अंग गार पडण्याआधी, चढवावा. काखेखालच्या चेन उघड्या ठेवाव्यात.

एक नियम मात्र सवलतीविना पाळावा लागतो. झोपण्याचा कोरडा जोड (बनियन, पायजमा, मोजे, टोपी) जलरोधक पिशवीत बांधलेला असतो आणि तो फक्त झोपण्यासाठी असतो. सकाळी पुन्हा तेच ओले कपडे चढवायचे. पहिली दहा मिनिटे नकोशी जातात, पण कोरडा जोड घालून निघालेल्या माणसाकडे संध्याकाळी दोन ओले जोड असतात.

जागा आणि छत

अंधार पडण्याच्या किमान दोन तास आधी थांबावे. दरीच्या तळाशी रात्री थंड हवा साचते, माथ्यावर वारा झोडपतो. उताराच्या मधला, किंचित उंच, पाणी न साचणारा टप्पा बरा. कोरडा दिसणारा ओढा टाळावा. वर मान करून वाळलेल्या फांद्या आणि उभी मेलेली झाडे पाहणे सक्तीचे आहे: भिजून जड झालेली कुजकी फांदी वारा नसतानाही कोसळते.

एक-दोन माणसांना ३ मीटर × ३ मीटरची ताडपत्री (टार्प) पुरते. दोन झाडांमध्ये छातीच्या उंचीवर दोर ताणून एका बाजूचे उतरते छप्पर करतात आणि वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवून खुंट्या ठोकतात. मुसळधार पावसात दोर कमरेपर्यंत खाली आणावा. उंच छप्पर दिसायला ऐसपैस, पण पावसाच्या तिरप्या सरी आत घेते. झाडाच्या खोडावरून ओघळणारे पाणी दोरावरून सरकत थेट छताखाली येते. त्यासाठी ताडपत्रीच्या कडेबाहेर दोराला वीतभर सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडतात. पाणी तेथेच गळून पडते. नायलॉन भिजल्यावर सैलावते, म्हणून अर्ध्या तासाने ताण पुन्हा ओढून घ्यावा, नाहीतर मध्ये खळगा पडून पाण्याचा फुगा धरतो. गाठी बधिर बोटांनी सुटतील अशाच माराव्यात, म्हणजे सरकफास किंवा शेवटी फास ठेवलेली गाठ.

शेकोटी

सर्वांत जास्त फजिती येथे होते, आणि तिचे कारण बहुधा एकच असते: जाळण तयार होण्याआधी काडी ओढलेली असते. लाकडातले पाणी निघून जाईपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या फार वर चढत नाही; ज्योत धरणारे वायू मात्र लाकूड दोनशे अंशांच्या बरेच पुढे तापल्यावर भरपूर सुटतात. लहान ज्योतीची सगळी ताकद पाणी उकळण्यातच जाते आणि ती विझते. तेव्हा ओले लाकूड पेटवण्याचा हट्ट सोडून ओल्या रानात कोरडे लाकूड शोधायचे असते, आणि ते लाकडाच्या आत असते.

जमिनीवर पडलेले लाकूड खालून ओल ओढत राहते. उभे वाळलेले किंवा दुसऱ्या झाडाला टेकून राहिलेले, मनगटापासून पोटरीएवढे जाड खोड निवडावे. महिनाभराच्या पावसानेही अशा खोडाचा बाहेरचा थरच भिजतो. करवतीने कापून आतला भाग ओठाला किंवा गालाला लावावा. ओला असेल तर गार लागतो. बोटे थंडीने बधिर झालेली असताना हातापेक्षा हीच परीक्षा खरी. खोड ठोकल्यावर खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज म्हणजे आत कूज.

खोडाचे ३० ते ४० सेंटीमीटरचे तुकडे करून फोडतात. कुऱ्हाड नसेल तर सुमारे १० सेंटीमीटर पात्याची, शेपटी (पात्याचा मुठीत जाणारा भाग) मुठीच्या टोकापर्यंत गेलेली मजबूत सुरी तुकड्याच्या माथ्यावर ठेवून तिच्या पाठीवर सोट्याने हाणतात. तुकडा पात्याच्या लांबीपेक्षा जाड असला की सुरी आत अडकते. मग मधोमध न फोडता कडेकडेने ढलप्या काढाव्यात. गाठी असलेला तुकडा बाजूला टाकावा. फोडलेल्या लाकडाचे तीन ढीग करतात: आगकाडीएवढ्या चिपा, पेन्सिलीएवढ्या काटक्या, अंगठ्याएवढ्या फाटी. दोन्ही हातांच्या अंगठे-तर्जनींच्या कड्यात मावेल एवढी चिपांची एक, अशा दोन मोळ्या हव्यात. काटक्या त्याच्या दुप्पट. रात्रभरासाठी पुरेसे वाटेल त्याच्या तिप्पट सरपण गोळा करावे, कारण अंदाज नेहमीच कमी पडतो. तयार चिपा लगेच जाकिटाखाली किंवा छताखाली जातात. उघड्यावर पाच मिनिटांत केलेले काम वाया जाते.

सालीत तेलकट द्रव्ये असल्याने भूर्जाच्या झाडाची पातळ साल ओली असतानाही पेटते. चीडसारख्या झाडांचे जुने बुंधे आणि फांद्यांचे सांधे राळेने भरलेले असतात. असा लालसर, वासाचा, चिकट लाकडाचा तुकडा मिळाला तर निम्मे काम झाले. दोन्ही नसेल तर फेदर स्टिक कराव्या लागतात. गाभ्यातली, सरळ धाग्याची, अंगठ्याएवढी फाटी उभी टेकवून तिच्या कडेवरून सुरी वरून खाली ओढतात आणि पातळ वळ्या तुटू न देता टोकाशी गोळा करतात. पाते जास्त तिरके लावले तर वळी तुटून पडते. सपाट ठेवून हात ताठ ठेवावा, प्रत्येक वेळी फाटी किंचित फिरवून नवी कड पुढे आणावी. वळ्या मलूल होऊन लोंबत असतील तर लाकूड ओले आहे, कष्ट न वाढवता दुसरे घ्यावे. अशा पाच-सहा काड्या लागतात.

पेटवण्यासाठी दोन साधने जवळ असावीत. लायटर सर्वांत सोपा, पण ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्यामुळे गारठ्यात लायटरमध्ये दाबच उरत नाही. तो आतल्या खिशात ठेवावा. फेरोसेरियमचा दांडा भिजला तरी पुसून ठिणग्या देतो. हा मिश्रधातू १९०३ मध्ये ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी शोधला. ठिणग्या पाडताना खरवडणी (दांड्यावर घासायची पट्टी) स्थिर धरून दांडा मागे ओढावा. खरवडणी पुढे ढकलली की रचलेला ढीग उधळतो. व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा काही मिनिटे जळतो आणि येथे त्याचा वापर म्हणजे फसवणूक नव्हे.

ओल्या जमिनीवर थेट पेटवू नये. मनगटाएवढ्या फोडलेल्या फळ्या, कोरडी बाजू वर, शेजारी शेजारी मांडून ओटा करावा. वाऱ्याकडून खाली बोळा किंवा फेदर स्टिक, वर चिपांच्या दोन मोळ्या एकमेकींवर तिरप्या. ज्योत मोळ्यांच्या वर आली की काटक्या, त्या कडकडू लागल्यावर फाटी. घाईने जाड लाकूड टाकले की दाट पांढरा धूर सुटतो. ती वाफ आहे, फुंकर घालण्याआधी ते लाकूड काढून घ्यावे. विस्तव स्थिर झाल्यावर ओली लाकडे त्याच्या कडेने उभी ठेवून वाळवत राहावे.

शेकोटी करायची असेल तर छप्पर असे फिरवावे की वारा त्याच्या आणि शेकोटीच्या आडवा जाईल. पाठीमागून आला तर तो छपरावरून भोवरा करून धूर आत खेचतो. छतापासून दीड-दोन मीटर अंतर ठेवावे, कारण ठिणगीने नायलॉनला भोके पडतात. नदीतले दगड भोवती लावू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. निघताना पाणी ओतून राख ढवळावी आणि उघडा हात लावून पाहावे. दलदलीच्या कुजट मातीत आग खाली शिरून कित्येक दिवस धुमसते, तेथे शेकोटीच करू नये.

झोप

वरच्या पांघरुणाइतकेच महत्त्व खालच्या थराला, कारण अंगाखाली दाबलेला स्लीपिंग बॅगचा भाग ऊब देत नाही. पाणी न शोषणारी बंद पेशींची फोमची मॅट येथे फुगवत्या गादीपेक्षा सुरक्षित. तिला भोक पडत नाही. मॅट नसेल तर पडलेल्या फांद्या आणि पाला दाबल्यावर वीतभर उरेल इतका जाड पसरावा. झोपण्यापूर्वी स्निग्ध काही खावे, लघवी उरकावी आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून मांड्यांमध्ये घ्यावे. तोंड स्लीपिंग बॅगेत घालून श्वास सोडू नये, बाष्पाने ती आतून भिजते. बंद तंबूत स्टोव्ह किंवा निखारे नेणे जिवावर बेतते: कार्बन मोनॉक्साइडला वास नाही.

पाय

पाय तासन्‌तास ओले आणि थंड राहिले की गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही मज्जातंतू व सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांमुळे हा विकार ट्रेंच फूट म्हणून ओळखला गेला. पाय बधिर, पांढरट, सुरकुतलेले दिसतात. ऊब मिळाल्यावर लाल होऊन सुजतात आणि भयंकर दुखतात. ते चोळू नयेत, आगीजवळ शेकू नयेत. दिवसातून एकदा तरी, आणि रात्रभर नक्की, पाय कोरडे ठेवणे हाच उपाय. पिळलेले मोजे पोटाशी धरून झोपल्यास सकाळपर्यंत बऱ्यापैकी वाळतात. बूट विस्तवाशी टेकवू नयेत. चामडे आखडून तडकते, तळ सुटतो.

अंग गार पडणे

शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली जाणे म्हणजे हायपोथर्मिया. हुडहुडी, अडखळती जीभ, चेन लावता न येणे, चिडचिड किंवा गप्प होणे ही सुरुवातीची चिन्हे सोबत्याला आधी दिसतात. हुडहुडी थांबूनही माणूस सुस्तच राहिला तर तो सुधारलेला नसून ढासळलेला असतो. अशा अवस्थेत काहीजण उकडते म्हणून कपडेही काढतात. आडोशाला, मॅटवर आडवे करावे, ओले कपडे हलक्या हाताने उतरवावेत किंवा कापावेत, कोरड्यात आणि वरून प्लास्टिकच्या थरात गुंडाळावे. गरम बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीवर ठेवाव्यात. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर गोड गरम पेय द्यावे. दारू देऊ नये. हातपाय चोळू नयेत, आणि हुडहुडी थांबलेल्या माणसाला अंग गरम व्हावे म्हणून चालवू नये: हातापायांतले थंड रक्त हृदयाकडे परतते आणि त्याचे ठोके बिघडू शकतात. अशा माणसाला आडवे ठेवून, धक्के न देता, उचलूनच हलवावे.