भाडेकरूच्या घरातला कंत्राटदार: इंग्लंडमधल्या एका आचारसंहितेची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये सामाजिक गृहनिर्माणातली, म्हणजे स्थानिक काउन्सिल (नगरपालिकेसारखी संस्था) किंवा हाउसिंग असोसिएशनच्या (ना-नफा गृहनिर्माण संस्थेच्या) मालकीची आणि बहुतांशी बाजारभावापेक्षा कमी भाड्याची, सुमारे ४० लाख घरं आहेत. यातल्या एखाद्या घरात नळ गळू लागला की भाडेकरू मालक संस्थेला फोन करतो. संस्था ते काम कंत्राटदाराकडे पाठवते, कंत्राटदार बऱ्याचदा उपकंत्राटदाराकडे, आणि शेवटी दारात एक अनोळखी माणूस हत्यारांची पेटी घेऊन उभा राहतो. त्याला भाडेकरूने निवडलेलं नसतं. त्याची मजुरी भाडेकरू देत नाही. काम पसंत पडलं नाही तर पुढच्या खेपेला दुसऱ्याला बोलावण्याची सोयही नसते. पदरचे पैसे देऊन प्लंबर बोलावणाऱ्याच्या हातात जो लगाम असतो, तो इथे नाही. कंत्राटदारांनी भाडेकरूच्या घरात कसं वागावं याची संहिता लिहावी लागली ती यामुळे. तो लगाम कुठून तरी आणणं भाग होतं.

आज बऱ्याच संस्थांची अशी संहिता एक-दोन पानांत मावते. ओळखपत्र कुणी मागायच्या आधी दाखवायचं. दार वाजवून थांबायचं. घरात एकटं मूल असेल तर उंबरा ओलांडायचा नाही, काम राहिलं तरी चालेल. संडास किंवा घरातली वीज वापरायची तर विचारून. मोठ्याने रेडिओ नाही, सिगारेट नाही, शिवी नाही. दारापासून कामाच्या जागेपर्यंत चादर अंथरायची. भाडेकरूकडून पैसे घ्यायचे नाहीत, त्याच्याकडे खासगी काम धरायचं नाही. फोटो काढायचा तर फक्त कामाचा, तोही परवानगीने. संध्याकाळी घरचं पाणी किंवा वीज बंद ठेवून निघून जायचं नाही. हे वाचताना वाटतं, इतकं साधं लिहून का द्यावं लागतं? पण हे नियम कुणी एका बैठकीत बसून सुचवलेले नाहीत. कित्येक दशकांत ते एकेक करून जमा झाले, आणि बहुतेकांच्या मागे कुणाच्या तरी घरात घडलेलं काहीतरी आहे.

सुरुवात चांगली झाली होती असं म्हणता येईल. १८६५ मध्ये समाजसुधारक ऑक्टेव्हिया हिल यांनी लंडनच्या मॅरिलबोन भागात, पॅराडाइज प्लेस नावाच्या गल्लीतली तीन मोडकळीला आलेली घरं ताब्यात घेतली. पैसे लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी घातले होते. भाडं गोळा करायला बाई दर आठवड्याला स्वतः जायच्या, आणि दुरुस्तीसाठी वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला ठेवायच्या. मोडतोड कमी होऊन त्यातलं काही उरलं, तर त्यातून काय सुधारणा करायची हे भाडेकरूंनी सांगायचं. बेकार बसलेल्या भाडेकरूंना त्याच घरांमधली डागडुजीची कामंही मिळायची. यात करडी देखरेख होती, उपदेशही भरपूर होता. पण दुरुस्तीचा पैसा आणि घरातला माणूस यांच्यामध्ये फक्त एक व्यक्ती होती, आणि तिला दर आठवड्याला त्याच दारात उभं राहावं लागत होतं.

पुढे काउन्सिलं स्वतः घरं बांधू लागली, तेव्हा कंत्राटदारावर विसंबायचं की नाही हा वाद लगेच उभा राहिला. लंडन काउंटी काउन्सिलने १८९२ मध्ये स्वतःचा बांधकाम विभाग काढला, कारण कंत्राटदारांच्या निविदा अवाच्या सवा वाटत होत्या. लंडनमधल्याच बॅटरसीच्या काउन्सिलने १९०३ मध्ये पूर्ण केलेली लॅचमिअर वसाहत स्वतःच्या पगारी कामगारांकडून बांधून घेतली. ‘डायरेक्ट लेबर’ म्हणतात ती हीच पद्धत. काउन्सिलांना घरं बांधायला सरकारी अनुदान देणाऱ्या १९१९ च्या ॲडिसन कायद्यानंतर काउन्सिलची घरं देशभर उभी राहिली आणि डागडुजी करणारे सुतार, गवंडी, रंगारी बहुतांशी काउन्सिलच्या पगारावर आले. त्याच भागात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सुताराला कुठल्या जिन्यावर कोण राहतं हे ठाऊक असायचं, आणि तक्रार करायची तर त्याचा मुकादम कुठे बसतो हे भाडेकरूला ठाऊक असायचं.

म्हणून तो काळ आदराचा होता असं मात्र समजू नये. १९३० च्या दशकात झोपडवस्त्या पाडून लोकांना नव्या घरांत हलवताना अनेक शहरांत त्यांचं सामान आधी बंद गाड्यांमध्ये घालून हायड्रोजन सायनाइडच्या धुरीने ढेकूणमुक्त केलं जायचं, आणि मगच नव्या घरात जायचं. घरोघरचे पलंग, गाद्या, कपाटं शेजाऱ्यांच्या देखत त्या गाडीत चढायची. आरोग्याच्या दृष्टीने त्याला कारण होतं, हे खरं. पण आत शिरणारा अधिकारी आणि आत राहणारा माणूस यांची पायरी एक नाही, हे त्यातून दोघांच्याही मनावर ठसलं. पुढची कित्येक दशकं काउन्सिलचा भाडेकरू मुख्य दरवाजाचा रंगही स्वतः ठरवू शकत नव्हता.

कायद्याने भाडेकरूच्या दाराला कडी लावली ती दुरुस्तीच्या निमित्ताने. १९६१ च्या हाउसिंग ॲक्टने अल्प मुदतीच्या भाडेकरारांत घराचा सांगाडा, पाणी, गॅस, वीज यांची दुरुस्ती मालकावर टाकली. तीच तरतूद आज १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ मध्ये आहे. त्यातली एक अट मला फार महत्त्वाची वाटते: घराची अवस्था पाहायला यायचं असेल तर मालकाने किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाने किमान २४ तास आधी लेखी सूचना द्यायची आणि दिवसा सोयीच्या वेळी यायचं. घर मालकाचं असलं तरी दार भाडेकरूचं, हे त्यात कायद्याच्या भाषेत मान्य झालं. आत आल्यावर कसं वागायचं याबद्दल मात्र त्या कलमात अवाक्षर नाही.

खरी उलथापालथ १९८० मध्ये झाली. त्या वर्षीच्या हाउसिंग ॲक्टने काउन्सिलच्या भाडेकरूंना प्रथमच कायद्याने राहण्याची हमी दिली आणि घराच्या व्यवस्थापनात बदल करायचा तर त्यांचं मत विचारणं काउन्सिलांवर बंधनकारक केलं. घर विकत घेण्याचा हक्कही त्याच कायद्यातला. तो गाजला, बाकीचे मागे पडले. पण त्याच साली दुसऱ्या एका कायद्याने काउन्सिलांच्या डायरेक्ट लेबर विभागांना खासगी कंत्राटदारांशी स्पर्धा करून कामं मिळवायला लावली, स्वतंत्र हिशेब ठेवायला लावले आणि भांडवलावर ५ टक्के परतावा दाखवायला लावला. थॅचर सरकारच्या या धोरणामागे काउन्सिलच्या कामातली ढिलाई आणि उधळपट्टी हे कारण दिलं गेलं, आणि ते अगदीच बिनबुडाचं नव्हतं. एका खिडकीच्या काचेसाठी महिनोन्‌महिने वाट पाहिलेल्या भाडेकरूंना विचारा.

पण घरात येणारा माणूस बदलला, आणि त्याला मिळणारा मोबदला कसा ठरतो तेही बदललं. निविदेत नळ बदलण्याचा दर असतो, दार बसवण्याचा दर असतो. चादर अंथरायला लागणाऱ्या पाच मिनिटांना दर नसतो. ऐकू कमी येणाऱ्या आजींना काय काम करणार ते दोनदा समजावून सांगायला दर नसतो. कामागणिक पैसे मिळणाऱ्या कामगाराला हा वेळ स्वतःच्या कमाईतून द्यावा लागतो. जी सभ्यता जुन्या सुताराच्या पगारात आपसूक धरलेली होती, ती आता करारात वेगळी लिहिल्याशिवाय मिळेना. कंत्राटाच्या कागदांना वर्तनाच्या अटी जोडल्या जाऊ लागल्या त्या यातून. या सगळ्या इतिहासात निर्णायक वळण हेच, असं माझं मत आहे. कामगार एकाएकी उद्धट झाले नव्हते; नीट वागायला लागणारा वेळ हिशेबातून गळला होता.

१९९४ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे नियम आले. २५० पौंडांपर्यंतची तातडीची किरकोळ दुरुस्ती ठरल्या मुदतीत झाली नाही, तर भाडेकरूने कळवल्यावर काउन्सिलने दुसरा कंत्राटदार पाठवायचा. तोही चुकला तर १० पौंड आणि पुढे रोज २ पौंड भरपाई, कमाल ५० पौंड. रक्कम किरकोळच, पण भाडेकरूच्या वाया गेलेल्या दिवसाचीही किंमत असते हे आकड्यात मांडलं गेलं. १९९७ मध्ये बांधकाम उद्योगानेच ‘कन्सिडरेट कन्स्ट्रक्टर्स स्कीम’ सुरू केली. तिचा रोख मुख्यतः बांधकामाच्या जागेभोवतालच्या शेजाऱ्यांवर होता: धूळ, गोंगाट, पत्र्याच्या कुंपणापलीकडून येणारे शेरे. राहत्या घराच्या स्वयंपाकघरात काम करणं ही निराळीच गोष्ट आहे, हे लक्षात यायला आणखी काही वर्षं गेली.

ते लक्षात आणून दिलं ‘डीसेंट होम्स’ कार्यक्रमाने. सामाजिक गृहनिर्माणातली सगळी घरं २०१० पर्यंत किमान दर्जाला आणायची असं सरकारने २००० मध्ये ठरवलं. २००१ मध्ये अशी दर्जाखालची घरं सुमारे १६ लाख होती. साधारण वीस वर्षांपेक्षा जुनं स्वयंपाकघर आणि तीस वर्षांपेक्षा जुनी न्हाणी हे घर मागे पडल्याचं लक्षण धरलं गेलं, आणि मग रस्तेच्या रस्ते, इमारतीच्या इमारती कामाला घेतल्या गेल्या. लोक आतच राहत होते. स्वयंपाकघर उखडलेलं, शेगडी बैठकीच्या खोलीत, सिंक बसेपर्यंत भांडी न्हाणीत, आणि सकाळी आठपासून घरात सुतार, टाइलवाला, इलेक्ट्रिशियन, प्लंबर एकामागून एक. मुलांना शाळेत सोडून आलेल्या बाईला स्वतःच्याच घरात बसायला जागा नाही. एकेका घरी हे कित्येक दिवस चालायचं.

रेडिओ, संडास, चादर, संध्याकाळी पाणी सुरू करून जाणं या कलमांना आजचं नेमकं रूप आलं ते मुख्यतः याच दशकात. कंत्राटदारांनी ‘रेसिडेंट लिएझन ऑफिसर’ नावाची माणसं नेमली. काम सुरू व्हायच्या आधी घरी जायचं, घरात कोण आजारी आहे, कोण रात्रपाळी करतं, कुत्रा कुठे ठेवायचा, हे विचारून ठेवायचं. हे पद चांगलं भरलं गेलं तिथे बऱ्याच तक्रारी दारातच मिटायच्या. नुसतं कागदावर राहिलं तिथे तो अधिकारी बहाणे सांगण्यापुरताच उरला. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये कामाच्या बंदिस्त जागी धूम्रपानबंदी आली, तेव्हा उलट दिशेचंही एक कलम आलं: कामगार आत असेपर्यंत भाडेकरूनेही सिगारेट ओढू नये अशी विनंती. ते योग्यच आहे. भाडेकरूचं घर ही कामगाराची कामाची जागा असते, आणि त्यालाही तिथे शिवीगाळ किंवा कुत्र्याचा चावा सोसायचं कारण नाही.

ओळखपत्राचा आग्रह वेगळ्या वाटेने आला. पाणी कंपनीचा किंवा काउन्सिलचा माणूस आहे असं सांगून वृद्धांच्या घरात शिरून चोरी करणाऱ्यांमुळे काही ठिकाणी परवलीचा शब्द ठरवण्याची पद्धतही पडली. गॅसच्या बाबतीत मालकाने दर वर्षी तपासणी करून घेणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे वर्षातून एकदा तरी अनोळखी माणसाला आत घ्यावंच लागतं. २००९ पासून त्या माणसाकडे ‘गॅस सेफ रजिस्टर’चं, म्हणजे गॅसचं काम करण्याची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत नोंदणीचं, कार्ड असावं लागतं, आणि कोणती कामं करायला तो पात्र आहे ते कार्डाच्या मागे छापलेलं असतं. मुलांच्या आणि दुबळ्या प्रौढांच्या सुरक्षिततेचे कायदे कडक झाले तशी संहितेत आणखी एक जबाबदारी शिरली: घरात मारहाण, उपासमार किंवा हेळसांड झाल्याची शंका आली तर संस्थेला कळवायचं. बॉयलर पाहायला गेलेला माणूस कधीकधी त्या घरात महिन्याभरात शिरलेला एकमेव बाहेरचा माणूस असतो.

मग १४ जून २०१७ ला पश्चिम लंडनमधला चोवीस मजली ग्रेनफेल टॉवर पेटला आणि ७२ माणसं गेली. त्याआधी २०१४ ते २०१६ मध्ये तिथे मोठं नूतनीकरण झालं होतं. त्या कामात इमारतीच्या बाहेरून चढवलेल्या ज्वालाग्राही आवरणाची गोष्ट जगभर पोचली. रहिवाशांना कामाच्या काळात मिळालेल्या वागणुकीची गोष्ट मागे राहिली. इमारतीचं व्यवस्थापन पाहणारी संस्था काही रहिवाशांकडे कटकटे आणि भांडखोर म्हणून बघत होती, आणि दोन्ही बाजूंमध्ये अविश्वास आणि संताप साचला होता, हे चौकशी आयोगाच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात नोंदलेलं आहे. तक्रार करणारा कसा बोलतो यावर तक्रारीचं वजन ठरवलं, की तक्रारीतलं तथ्य ऐकूच येत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेलमध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचं मूल घरातल्या बुरशीमुळे दगावलं. घरच्यांनी वारंवार सांगितलं होतं. त्या प्रकरणात बुरशीचं खापर कुटुंबाच्या राहणीवर फोडलं गेल्याचं पुढे उघड झालं. दुरुस्तीला आलेला माणूस भाडेकरूविषयी मनात काय धरून येतो, हा प्रश्न तिथून शिष्टाचारापुरता राहिला नाही. २०२३ च्या सोशल हाउसिंग रेग्युलेशन ॲक्टमध्ये त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरमालकांना तातडीचा धोका २४ तासांत दूर करावा लागतो, आणि मोठ्या ओल-बुरशीची पाहणी १० कामकाजाच्या दिवसांत करावी लागते.

वर्तनाचा मुद्दा आता नियमांत थेट आहे. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या, सामाजिक गृहनिर्माणावर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाच्या मानकांमध्ये भाडेकरूंशी न्यायाने आणि आदराने वागण्याची अट आहे, आणि तसं वागवलं जातं का हे भाडेकरूंनाच विचारून आकडा जाहीर करावा लागतो. भाडेकरूंच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या हाउसिंग ऑम्बुड्समनने मे २०२५ च्या दुरुस्तीविषयक अहवालात लोकांच्या घरांत काम करणारे कर्मचारी आणि कंत्राटदार यांच्यासाठी आचारसंहितेची मागणी केली. ऑक्टोबर २०२६ पासून कर्मचाऱ्यांच्या पात्रतेचं आणि वर्तनाचं वेगळं मानक लागू करायचं ठरलं आहे. त्यातली ठरावीक शैक्षणिक पात्रतेची सक्ती मात्र वरिष्ठ व्यवस्थापक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती आहे.

या सगळ्यात एक सांधा कच्चा आहे. नियामक मालक संस्थेला जाब विचारू शकतो, ऑम्बुड्समनही तिलाच, कंत्राटदाराला नाही. कंत्राटदार बांधील असतो तो फक्त संस्थेशी केलेल्या करारातून, आणि उपकंत्राटदार त्याच्याही पुढच्या करारातून. म्हणून संहिता किती चांगली लिहिली आहे यापेक्षा मी तीन गोष्टी आधी बघेन: ती उपकंत्राटाच्या कागदालाही जोडलेली आहे का; ती मोडल्यावर पैसे कापायची तरतूद आहे का; आणि नीट वागायला लागणारा वेळ कामाच्या दरात धरलेला आहे का. यातलं तिसरं सर्वांत महाग पडतं आणि निविदेत सर्वांत आधी कापलं जातं. घरांची देखभाल करणारी कॉनॉट ही मोठी कंपनी सप्टेंबर २०१० मध्ये बुडाली, तेव्हा कमी दराने कंत्राटं घेतल्याची चर्चा खूप झाली, आणि अनेक काउन्सिलांच्या भाडेकरूंची दुरुस्तीची कामं अडकून पडली. त्यानंतर काही संस्थांनी दुरुस्तीचे कामगार पुन्हा स्वतःच्या पगारावर घेतले. १८९२ चा वाद अजून मिटलेला नाही.