स्त्रीरुग्णांबाबतचा वैद्यकीय पूर्वग्रह

एखादे लक्षण पुरुषाने सांगितले तर गंभीर धरायचे आणि तेच बाईने सांगितले तर मनाचे, पाळीचे किंवा वयाचे म्हणून बाजूला सारायचे, परिणामी तपासणी टाळायची वा लांबवायची, या प्रवृत्तीला ही संज्ञा लावतात. डॉक्टरांचे उद्धट बोलणे हा तिचा ठळक, पण तुलनेने किरकोळ भाग आहे. गोड बोलूनही तपासणीची एखादी पायरी गाळली जाते, आणि खरे नुकसान तिथे होते. ‘टेन्शन घेऊ नका’, ‘या वयात असं होतंच’, ‘लग्न झालं की थांबेल’ ही वाक्ये केसपेपरवर उमटत नाहीत. तिथे निदानाच्या जागी ‘जनरल वीकनेस’ एवढेच असते, खाली गोळ्यांची नावे.

प्रवृत्ती जुनी आहे. बायकांच्या अनेक दुखण्यांना लावले जाणारे ‘हिस्टेरिया’ हे लेबल अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेतून गेले ते १९८० साली. औषधसंशोधनातही हेच घडले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये गर्भधारणाक्षम वयातील स्त्रियांना सुरुवातीच्या औषधचाचण्यांतून वगळण्याची सूचना काढली आणि ती १९९३ मध्ये मागे घेतली. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा स्त्रियांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला २०१३ उजाडावे लागले, कारण स्त्रीच्या शरीरातून ते औषध सावकाश बाहेर पडते.

महाराष्ट्रात या दुर्लक्षाचे नेमके मोजमाप झाले ते गडचिरोली जिल्ह्यात. राणी बंग, अभय बंग आणि सहकाऱ्यांनी वसा व अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ५५ टक्के स्त्रियांनी काही ना काही तक्रार सांगितली होती. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के जणींना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, दर स्त्रीमागे सरासरी ३.६. त्याआधी कधीतरी अंतर्तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. ‘बायका दुखणी अंगावर काढतात’ असा या आकड्यांचा अर्थ नेहमी लावला जातो. तो अर्धवट आहे, कारण निम्म्याहून अधिक जणींनी विचारताच सांगितले होते.

गाळलेल्या पायरीचे सर्वांत नित्याचे उदाहरण म्हणजे अंगावरून पांढरे जाणे. सरकारी दवाखान्यांत त्यासाठी रंगीत पाकिटांची पद्धत आहे. हिरव्या पाकिटात सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम असते; ते योनीमार्गाच्या संसर्गासाठी. करड्या पाकिटात अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम. ते गर्भाशयमुखाच्या संसर्गासाठी. ओटीपोट दुखत असेल आणि संसर्ग वर चढल्याची शंका असेल तर पिवळे, ज्याचा कोर्स १४ दिवसांचा. कोणते पाकीट हे ठरवायला स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून आत पाहण्याचे साधन) घालून स्राव नेमका कुठून येतो ते पाहावे लागते, मग हातमोजा घालून आतून तपासताना गर्भाशयमुख हलवल्यावर कळ येते का तेही. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे. त्यासाठी पडदा असलेले टेबल, चांगला दिवा, निर्जंतुक स्पेक्युलम आणि शेजारी एक नर्स लागते.

यातले एक जरी नसले की टेबलापलीकडूनच हिरवे पाकीट दिले जाते. गर्भाशयमुखाला गोनोरिया किंवा क्लॅमिडियाचा संसर्ग असेल तर त्याचा काही उपयोग नाही. संसर्ग गर्भनलिकांपर्यंत जातो, पुढे मूल राहण्यात अडचण येते. संसर्ग लैंगिक संबंधातून आलेला असेल आणि नवऱ्याला औषध दिले नसेल, तर बाई बरी होऊनही महिन्याभरात पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मग ‘हिला औषधाने गुणच येत नाही’ असे ठरते.

या ‘गुण येत नाही’चा शेवट कुठे होतो ते बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या बाबतीत दिसले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, खाडा झाला की दंड. फडाजवळच्या कोपीला ना न्हाणी ना संडास. पाळीचे चार दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, त्यामुळे पिशवी काढण्याचा सल्ला बाईलाही पटतो, आणि ‘राहू दिली तर कॅन्सर होईल’ ही भीती उरलेले काम करते.

पांढरे जाणे हे गर्भाशय काढण्याचे कारण नव्हे. अतिरक्तस्रावातही आधी हिमोग्लोबिन, सोनोग्राफी, पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची) आणि गरजेनुसार गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी, मग रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोन सोडणारी गर्भाशयात बसवायची साधने, असा क्रम आहे. सोनोग्राफीच्या कागदावरचे ‘बल्की युटेरस’ (गर्भाशय आकाराने मोठे) हे वर्णन आहे, निदान नाही. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले तर तिशीतल्या बाईलाही रजोनिवृत्ती येते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. दुर्लक्ष आणि अतिउपचार ही दोन टोके वाटतात खरी, पण दोन्हीकडे बाईला नीट तपासलेले नसते.

थकव्याची गतही अशीच. राष्ट्रीय पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तरी ‘अशक्तपणा’ म्हटले की बऱ्याच ठिकाणी सलाईन लावले जाते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, लोह अजिबात नसते. पाळी किती दिवस जाते, गाठी पडतात का, दिवसाला किती पॅड लागतात, या तीन प्रश्नांनी कारणाचा बराचसा माग लागतो.

हृदयविकाराच्या झटक्यात स्त्रियांनाही छातीत दुखतेच. मात्र धाप, मळमळ, घाम, जबडा किंवा पाठ दुखणे ही लक्षणे त्यांच्यात अधिक वेळा सोबत येतात आणि ‘पित्त झालंय’ या निदानात हरवतात. रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, हा नियम दोघांनाही सारखाच. हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाची मर्यादा मात्र वेगळी असते: एका प्रचलित अतिसंवेदनशील तपासणीत पुरुषांसाठी ती लिटरमागे ३४ नॅनोग्रॅम आहे, स्त्रियांसाठी १६. दोघांना एकच आकडा लावला की स्त्रियांचे लहान झटके निसटतात. पाळीच्या तीव्र वेदनांमागचा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) ओळखायला सात ते दहा वर्षे जाणे जगभर सामान्य मानले जाते. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून तो नाही असे ठरत नाही. या आजाराचे वरवरचे ठिपके तिच्यात दिसत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात यावर स्त्री डॉक्टर हे उत्तर होते. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूरच्या भाषणात तीच गरज मांडली. मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले. संकोचाचा प्रश्न त्याने बराच सुटला, पूर्वग्रहाचा नाही, कारण स्त्री डॉक्टरही तीच पाठ्यपुस्तके शिकतात. म्हणून ‘सेहत’ या मुंबईच्या संस्थेने राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शिक्षकांसोबत अभ्यासक्रमातच लिंगभाव आणण्याचे काम हाती घेतले.

कायद्याच्या बाजूने, बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. रुग्णहक्क सनदेनुसार पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क रुग्णाला आहे. वैद्यकीय आचारसंहितेनुसार कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात. दुसऱ्या मताला जाताना ती सोबत हवीतच, विशेषतः सोनोग्राफीचा अहवाल आणि, शस्त्रक्रिया होऊन गेली असेल तर, काढलेल्या अवयवाच्या तपासणीचा पॅथॉलॉजी अहवाल. हा शेवटचा कागद अनेकींकडे नसतो.